मित्राच्या घरात बंदूक कुठे ठेवतात, हे विचारायचं कसं?

पत्र :

ताई, नमस्कार.

आम्ही मूळचे नाशिकचे. गेली काही वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. मुलगा चौदाचा आहे, मुलगी सातची. मागच्या महिन्यात मुलीच्या शाळेत लॉकडाऊन ड्रिल झालं, म्हणजे बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचं याचा सराव. दार लावून, दिवे घालवून सगळी मुलं भिंतीशी गप्प बसली होती. रात्री अंथरुणात तिने विचारलं, ‘आई, खरंच कुणी आलं आणि मला शिंक आली तर?’ मला काही बोलताच आलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी तिच्या पोटात दुखतं.

नवऱ्याला घरात पिस्तूल हवंय. २०२३ मध्ये अ‍ॅलनच्या मॉलमध्ये गोळीबार झाला, त्या मॉलमध्ये आमचं नेहमीचं जाणं होतं. तेव्हापासून त्याच्या डोक्यातून हा विषय गेलेला नाही. आम्ही अजून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, पण शिकारीचा परवाना काढला की बंदूक घेता येते, असं त्याच्या ऑफिसातले लोक सांगतात. मला घरात बंदूक नको. यावरून आमच्यात अबोला होण्यापर्यंत गोष्टी गेल्या आहेत.

मुलगा शनिवारी मित्राकडे झोपायला जातो. माणसं चांगली आहेत. वडील शिकारीला जातात, हॉलमध्ये हरणाचं मुंडकं लावलेलं आहे. बंदुका कुठे ठेवता, असं विचारायला जीभ रेटत नाही. ‘हे बाहेरून आलेले आम्हाला शिकवणार’ असं त्यांना वाटेल. शाळेच्या मीटिंगमध्ये बोलावंसं वाटतं, पण आम्हाला मतदानाचा हक्क कुठे आहे? सासूबाई फोनवर एकच म्हणतात, ‘गाशा गुंडाळा आणि या.’ काय करू?

एक आई, डॅलसजवळून

उत्तर :

नमस्कार.

आधी मुलीचं, कारण तिची रोजची सकाळ त्यात अडकली आहे.

सात वर्षांच्या मुलीने सगळ्या वर्गाचा जीव आपल्या शिंकेवर आणून ठेवला आहे. पोट दुखेल नाही तर काय! ते ओझं तिच्यावरून आजच उतरवा. तिला सांगा : शिंक आली तर येऊ दे. दाराला कुलूप असतं, बाई वर्गात असतात, आणि मुलांना सांभाळणं हे मोठ्यांचं काम आहे. तुझं काम बाई सांगतील ते ऐकणं, एवढंच. ‘असं कधी होणारच नाही’ असं वचन मात्र देऊ नका. या वयाची मुलं खोटं लगेच ओळखतात, आणि एकदा ओळखलं की पुढचं खरंही त्यांना खोटं वाटतं. ‘असं फार फार क्वचित होतं, आणि म्हणून आपण एकदा शिकून ठेवतो, आग लागली तर काय करायचं ते शिकतो तसं’ हे खरं आहे आणि तिला पेलण्यासारखंही आहे. अमेरिकेच्या सरकारी शाळांत पाच कोटींच्या आसपास मुलं शिकतात. त्यांतल्या बहुतेकांची शाळा अशी घटना न बघताच संपते.

तिच्या बाईंना एक निरोप पाठवा आणि पुढचं ड्रिल कधी आहे ते आधी कळवायला सांगा. टेक्सासमध्ये लॉकडाऊन ड्रिल साधारण दर सत्रात एकदा होतं. बऱ्याच शाळांत पाच ठरलेले शब्द वापरतात : होल्ड, सिक्युअर, लॉकडाऊन, इव्हॅक्युएट, शेल्टर. ‘सिक्युअर’ म्हणजे धोका बाहेर आहे, बाहेरची दारं बंद केली आहेत आणि वर्ग नेहमीसारखा चालू आहे. आसपास कुठे पोलिसांची धावपळ असली तरी तो पुकारतात. हा फरक मुलीला समजावून द्या, नाहीतर स्पीकर खरखरला की प्रत्येक वेळी तिच्या पोटात गोळा येईल. आणि शाळेला एक गोष्ट स्पष्ट विचारा : इथे खोट्या गोळ्यांचे आवाज, खोटा हल्लेखोर असलं काही करतात का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच असल्या ड्रिलना विरोध केला आहे. टेक्सासच्या २०२१ च्या कायद्यानुसार असं नाट्यरूप काही करायचं असेल तर पालकांना आधी कळवावं लागतं आणि ते मुलांच्या वयाला झेपेल असंच असावं लागतं. शाळेच्या समुपदेशकाशी मुलीची एकदा गाठ घालून द्या. दोन-तीन आठवड्यांत पोटदुखी थांबली नाही, झोप किंवा जेवण बिघडलं, तर तिच्या डॉक्टरांकडे न्या. दरम्यान जेवणाच्या टेबलावर पिस्तुलावरून वाद नको. ती ऐकत असते.

आता शनिवारचा मुक्काम. तुमच्या पत्रात तो विषय तिसरा आला आहे, पण माझ्या मते सगळ्यांत मोठा तोच आहे, म्हणून इथे मी सविस्तर लिहिते.

शाळेतल्या गोळीबाराचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर बाहेरून आलेला अनोळखी माणूस उभा राहतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो त्याच शाळेतला, किंवा नुकताच शाळा सोडलेला मुलगा असतो आणि बंदूक घरातून आलेली असते. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या काळातल्या शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास केला. ज्यांत बंदूक वापरली होती, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश हल्ल्यांत ती हल्लेखोराच्या आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातली होती. त्यांतल्या निम्म्या वेळा तर ती सहज हाती लागेल अशी ठेवलेली होती. तुमच्याच राज्यात सँटा फे हायस्कूलमध्ये २०१८ साली दहा जण गेले, तिथे वडिलांची शॉटगन आणि रिव्हॉल्व्हर होतं. कनेटिकटमधल्या सँडी हूकला २०१२ साली वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं गेली, तिथे आईने कायदेशीर विकत घेतलेली रायफल होती.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्डची गोष्ट तर प्रत्येक आईबापाने नीट वाचावी. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये वडिलांनी पंधरा वर्षांच्या मुलासाठी पिस्तूल घेतलं. चारच दिवसांनी शाळेने त्याने काढलेलं एक भयंकर चित्र बघून आईवडिलांना बोलावून घेतलं. ते आले, चित्र पाहिलं, आणि मुलाला घरी न नेता कामावर परत गेले. घरात पिस्तूल आहे, हे त्यांनी शाळेला सांगितलंच नाही. दुपारी चार मुलं गेली. २०२४ मध्ये त्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधाबद्दल दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या हत्याकांडासाठी आईबापांना अशी शिक्षा अमेरिकेत त्याआधी कधी झाली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक गेले. मुलगा चौदाचा होता आणि रायफल वडिलांनी नाताळची भेट म्हणून दिलेली होती. त्यामुळे तिथेही वडिलांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. सगळीकडे कोर्टाचा कौल असाच लागतो असं मात्र नाही. सँटा फेच्या दिवाणी खटल्यात टेक्सासच्या ज्युरीने आईवडिलांना जबाबदार धरलं नाही.

हे वाचून मित्राच्या वडिलांकडे संशयाने बघू नका, ते माझं म्हणणं नाही. पण तुम्हाला जो प्रश्न विचारायला संकोच वाटतो, त्याच प्रश्नावर शाळेची सुरक्षाही उभी आहे : बंदूक कुठे आहे, आणि ती कुणाकुणाच्या हाताला लागू शकते?

आणि शाळेतल्या हल्ल्यांपेक्षा कितीतरी जास्त मुलं शाळेबाहेर, कुणाच्या तरी घरात किंवा रस्त्यावर बंदुकीने जातात. २०२० पासून अमेरिकेत १ ते १७ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण बंदूक हेच आहे. मोटार अपघात आणि कॅन्सरही त्याच्या मागे पडले. दर दहांतले चार प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात. भरलेली आणि कुलूप नसलेली बंदूक ज्या घरात आहे, अशा घरांत सुमारे ४६ लाख मुलं राहतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. दोन चौदा वर्षांची पोरं, शनिवारची रात्र, मोठी माणसं झोपलेली, आणि ‘थांब, तुला बाबांची दाखवतो’ एवढं पुरतं. त्यात कुणी वाईट असावं लागत नाही.

विचारायचं कसं ते सांगते. सुरुवात आपल्यापासून करा, म्हणजे चौकशी वाटत नाही. मुलाच्या मुक्कामाआधी त्याच्या आईला मेसेज टाका. आपल्या भाषेत त्याचा सूर असा असू दे : ‘आमच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही, पण पोहायला त्याला अजून नीट येत नाही, तेव्हा पूलजवळ जरा लक्ष ठेवाल का? आणि एक गोष्ट, मी हे प्रत्येकच घरी विचारते : घरात बंदुका असतील तर त्या कुलूपबंद आणि रिकाम्या असतात ना? तुम्हाला आमच्या घराबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.’ इंग्रजीत तुमच्या शब्दांत लिहा. यातलं ‘प्रत्येकच घरी’ महत्त्वाचं आहे, आणि ते खरं करा. म्हणजे मराठी, तेलुगू, गुजराती मित्रांच्या घरीही विचारा. आपल्या लोकांतही आता पुष्कळांकडे बंदुका आहेत.

तुम्हाला वाटतं तेवढं हे आगाऊपणाचं नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हाच प्रश्न विचारायला पालकांना वर्षानुवर्षं सांगत आहेत. बंदूक उद्योगाची स्वतःची संघटना पोलीस ठाण्यांमार्फत फुकट कुलपं वाटते. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागली, तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो. कुलूप ही काही एका पक्षाची मागणी नाही. आणि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिकार चालते, तिथला बाप बहुतेक वेळा या प्रश्नाने रागावत नाही. ‘या, दाखवतो’ म्हणून सेफपाशी घेऊन जातो. त्याला बंदुकीचं गांभीर्य तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

उत्तर कसं असावं? बंदूक रिकामी, सेफमध्ये किंवा कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली किंवा आकडा मुलांना माहीत नाही. ‘आमच्या मुलाला शिकवलंय, तो हात लावत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. ‘वर कपाटात असते’ हेही नाही. असं काही ऐकलं तर भांडू नका, पोरांना तुमच्या घरी बोलवा, मिसळ करा, मैत्री तिथे चालू राहू दे. मुलाला वेगळं बसवून सांगा : कुणी बंदूक काढली तर हात लावायचा नाही, ‘खरी आहे का’ बघत थांबायचं नाही, खोलीतून बाहेर यायचं आणि मला फोन करायचा. रात्री दोन वाजता केलास तरी मी येईन आणि तिथे कुणासमोर एक शब्दही बोलणार नाही. चौदा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर लाज वाटण्याची भीती जिवाच्या भीतीपेक्षा मोठी असते, म्हणून हे शेवटचं वाक्य गाळू नका.

आता पिस्तूल. तुमच्या नवऱ्याच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. अ‍ॅलनला आठ जण गेले, त्यांत हैदराबादहून येऊन तिथे नोकरी करणारी एक तरुण इंजिनिअरही होती. आपल्यासारखीच माणसं, आपल्या नेहमीच्या दुकानात. असं काही घडलं की कुठल्याही बापाच्या मनात येतं की आपल्या हातात काहीतरी असावं.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्या. एच-वन-बी काय, त्याच्या कुटुंबाचा एच-फोर काय, हे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे अशा व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हाच मुळात गुन्हा आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, आणि मुदतीत असलेला शिकारीचा परवाना हा त्यांतला एक. म्हणजे ऑफिसातले लोक खोटं सांगत नाहीत, अर्धं सांगत आहेत. टेक्सासचा शिकारीचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरला तो नवा करायचा राहिला आणि पिस्तूल कपाटातच असलं, तर त्या दिवसापासून तुमच्या घरात संघराज्याच्या कायद्याखालचा फौजदारी गुन्हा घडतो आहे. ते पिस्तूल तुमच्याही हाताशी असेल, तर तुमच्या नावावर परवाना आहे का, हाही प्रश्न येतो. नेमबाजीच्या रेंजवर मित्राची बंदूक हातात घेऊन नेम धरणं हेही कायद्याच्या नजरेत बाळगणंच ठरू शकतं. विद्यापीठातून काढल्यामुळे विद्यार्थी व्हिसाचा दर्जा गेलेल्या एका परदेशी तरुणावर फ्लोरिडात खटला झाला तो रेंजवर गोळ्या झाडल्यावरून, आणि ते प्रकरण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ग्रीनकार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढल्यावर एवढा धोका पत्करायचा का, हे त्याला शांतपणे विचारा. तरीही घ्यायचं म्हणत असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाकडे जा, ऑफिसातल्या मित्राच्या सल्ल्यावर नको.

पण समजा उद्या ग्रीनकार्ड हातात पडलं आणि कायद्याची अडचण संपली, तरीही माझं उत्तर ‘नको’ हेच आहे, आणि त्याचं कारण तुमच्याच घरात आहे. तुमचा मुलगा चौदाचा आहे. हायस्कूलची वर्षं सुरू होत आहेत : ग्रेड, सॅट, मित्रांशी बिनसणं, एखादी मुलगी नाही म्हणणं, आणि आपल्याकडच्या आईबापांच्या अपेक्षा. या वयात निराशा कधीकधी एखाद्या संध्याकाळपुरती येते आणि सकाळी ओसरते. ती संध्याकाळ निभावून गेली की पोरगं वाचतं. घरात बंदूक असेल तर निभावण्याची संधीच मिळत नाही. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नात दहांतले जवळजवळ नऊ जण वाचत नाहीत. इतर बहुतेक मार्गांत पुष्कळ जण वाचतात, आणि वाचलेले बहुतेक जण पुढे आयुष्य जगतात. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंतले निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. हे आकडे नवऱ्याला दाखवा, पण त्याआधी त्याला विचारा, ‘तुला नेमकी कशाची भीती वाटते?’ आणि पूर्ण ऐकून घ्या. मॉलमध्ये, शाळेत, थिएटरमध्ये जी भीती वाटते तिच्यावर बेडरूमच्या कपाटातलं पिस्तूल हा उपाय नाही. मुलगा कधी खचलेला दिसला, तर तिथे ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र कुणीतरी बोलायला असतं. तो नंबर मुलाच्या फोनमध्ये आजच टाकून ठेवा, कारण न सांगता टाकला तरी चालेल.

नवरा कदाचित म्हणेल, ‘चांगल्या माणसाच्या हातात बंदूक असली तरच वाईट माणूस थांबतो.’ टेक्सासमध्ये हे वाक्य त्याला रोज ऐकू येत असणार. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. अ‍ॅलनला तो हल्लेखोर थांबला तो दुसऱ्याच कामासाठी तिथे आलेल्या एका पोलिसामुळे. २०२३ मध्ये नॅशव्हिलच्या शाळेत पोलीस थेट आत घुसले, म्हणून तिथला आकडा सहावर थांबला. पण युवाल्डे तुमच्याच राज्यात आहे. २४ मे २०२२ ला रॉब प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथे वेगवेगळ्या दलांचे ३७६ सशस्त्र अधिकारी जमले, आणि वर्गात शिरायला त्यांना ७७ मिनिटं लागली. फ्लोरिडातल्या पार्कलंडला २०१८ साली शाळेवर नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला आणि आत सतरा जण गेले. प्रशिक्षण घेतलेल्या, चिलखत घातलेल्या माणसांची ही गत होते, तर गर्दीत, किंकाळ्यांत, दोन मुलांचे हात धरलेला बाप कंबरेचं पिस्तूल काढून काय करणार? हे त्याला विचारा, पण वाद जिंकायला म्हणून विचारू नका.

युवाल्डेचा हल्लेखोर मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि काही दिवसांत त्याने दोन रायफली कायदेशीरपणे विकत घेतल्या. त्या गावचे आईबाप पुढचं वर्षभर राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला खेपा घालत होते. त्यांची मागणी एकच होती : असल्या रायफलीसाठी वय २१ करा. ८ मे २०२३ ला, म्हणजे अ‍ॅलननंतर दोनच दिवसांनी, ते विधेयक विधिमंडळाच्या समितीत मंजूर झालं. सभागृहापुढे ते कधी आलंच नाही. फ्लोरिडाने मात्र पार्कलंडनंतर महिन्याच्या आत वय २१ केलं, आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक कोर्टाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याचा कायदाही केला. तेव्हा तिथे गव्हर्नर आणि विधिमंडळ दोन्ही रिपब्लिकन होते. बंदूक काढून घेण्याचा असा कायदा आता वीसहून जास्त राज्यांत आहे. टेक्सासने २०२५ मध्ये उलट दिशेचा कायदा केला, असले आदेश राज्यात चालणार नाहीत असा. मला हे चुकीचं वाटतं आणि मी ते स्पष्टच लिहिते. अठरा वर्षांच्या मुलाला बिअर मिळत नाही आणि रायफल मिळते, या नियमाचं समर्थन मला कुठल्याही बाजूने करता येत नाही. बंदूक बाळगण्याचा हक्क तिथल्या संविधानात १७९१ पासून आहे आणि तो राहणार आहे. पण सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये हा हक्क वैयक्तिक आहे असं ठरवलं, त्याच निकालात तो अमर्याद नाही, असंही म्हटलं. २०२४ मध्ये घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात कोर्टाचा मनाई हुकूम असलेल्या माणसाला बंदूक ठेवता येणार नाही, हा नियमही त्याच कोर्टाने कायम केला. म्हणजे ‘संविधान आहे, काहीच करता येत नाही’ हे खरं नाही.

सासूबाईंचं म्हणणं प्रेमापोटी आहे, तेवढं ध्यानात ठेवून ऐका. परत यायचं की नाही हा मोठा निर्णय आहे. तो नोकरी, मुलांचं शिक्षण, म्हातारे आईवडील असं सगळं समोर ठेवून घ्या, एका ड्रिलनंतरच्या रात्री घेऊ नका. आपल्याकडे बंदुकीचा परवाना सहजी मिळत नाही, हे खरंच फार मोठं सुख आहे. पण शाळेत आपलं लेकरू सुरक्षित आहे का, हा प्रश्न घेऊन २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरचे आईबापही रस्त्यावर आणि रुळांवर उतरले होते. इथे आलं की काळजी संपली, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

राहिली मीटिंग. मत नाही म्हणून तोंड नाही, असं नसतं. टेक्सासच्या कायद्यानुसार स्कूल बोर्डाच्या बैठकीत विषयपत्रिकेवरच्या मुद्द्यावर लोकांना बोलू द्यावं लागतं, आणि तुमची मुलं त्या शाळेत आहेत, याहून मोठा अधिकार कुठला हवा? एकच पथ्य पाळा : व्हिसावर असताना कुठल्याही उमेदवाराला किंवा निवडणूक प्रचाराला पैसे देऊ नका, त्याला बंदी आहे. सध्याच्या वातावरणात माइकसमोर उभं राहायची धास्ती वाटत असेल तर तेही मला समजतं. मुख्याध्यापकांना ईमेल लिहा, तोही नोंदीत राहतो.

बंदुकीच्या हक्कावरचं भाषण तिथे करू नका. तो वाद त्या खोलीत सुटणार नाही, आणि तुमचं म्हणणं बाजूला पडेल. उत्तर द्यावंच लागेल असे प्रश्न विचारा. वर्गांच्या दारांची कुलपं आतून लागतात का, आणि शेवटची तपासणी कधी झाली? युवाल्डेच्या एका वर्गाचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत माहीत होतं आणि ते तसंच राहिलं होतं. प्रत्येक वर्गात आणीबाणीचं मूक बटण बसलं का? पार्कलंडला गेलेल्या एका मुलीच्या नावाचा तो कायदा टेक्सासने २०२३ मध्ये केला आहे, आणि अपालाचीच्या शिक्षकांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर असंच बटण होतं, ते त्या दिवशी कामी आलं. एखाद्या मुलाबद्दल काळजी वाटली तर विद्यार्थ्याने नाव न देता ती कुठे कळवायची? हल्ल्याआधी बहुतेक वेळा कुणाला तरी कुणकुण लागलेली असते, आणि मुलांनी वेळेवर सांगितल्यामुळे टळलेले हल्लेही पुष्कळ आहेत. आणि चौथं : वर्षाच्या सुरुवातीला घरी जे कागद येतात, त्यांत ‘घरातली बंदूक कुलपात ठेवा’ असं एक पान शाळा घालेल का? अमेरिकेतल्या काही शाळा असं पत्र पाठवतात, आणि त्यासाठी कुठलाही कायदा बदलावा लागत नाही.

एकट्या जाऊ नका. रविवारी मराठी शाळेबाहेर मुलांची वाट बघत ज्या आया-बाबा उभे असतात, त्यांच्यातल्या दोघा-तिघांशी आधी बोला. शक्य झालं तर मुलाच्या मित्राच्या वडिलांनाही विचारा, सोबत येता का म्हणून. कुलपाबद्दल शिकारी बाप बोलला तर त्या खोलीत त्याचं वजन तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पडेल. नवऱ्यालाही न्या. त्याला काहीतरी करायचं आहे, आणि दारांची कुलपं, बटणं, तपासण्या यांचा पाठपुरावा करायला चिकाटीचा माणूस लागतो. बैठकीची तारीख आणि विषयपत्रिका शाळा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आधी लागते. बोलायचं असेल तर नाव आधी नोंदवावं लागतं आणि वेळ थोडकाच मिळतो, म्हणून चारही प्रश्न कागदावर लिहून न्या आणि त्याची एक प्रत बोर्डाच्या सचिवाकडे द्या.